पहिला काप

यंत्राची चाचणी संपली, सगळ्यांनी हात झटकले, की तो माणूस एक खुर्ची ओढून यंत्रासमोर बसतो. मोजणारे सगळे प्रोग्राम बंद करतो, पडद्यावरचे आकडे घालवतो आणि हात मांडीवर ठेवतो. अर्धा तास काहीही करत नाही. मग उठतो, कागदाची एक पट्टी यंत्राच्या डोळ्याखालून एकदाच सरकवतो, काय झालं ते वहीत लिहितो आणि परत येऊन बसतो. असं दिवसातून सहा वेळा.

ऑफिसातली मंडळी त्याला काटेकोर म्हणतात. "अहो काटेकोर, उबवताय का त्याला? पिल्लं कधी निघणार?" असं येता-जाता विचारतात. तो हसतो. सांगत मात्र नाही. सांगायचं तर सुरुवात ताईपासून करावी लागते आणि तिथेच तो अडतो. म्हणून ही गोष्ट मी सांगतो.

ताई त्याची थोरली बहीण, दहा वर्षांनी मोठी. हातमोजे करणाऱ्या कारखान्यात ती कातडं कापायची. बावीस वर्षं कापलं. कातडं टेबलावर पसरलं की ती कात्रीला हात लावत नसे. आधी तळवा फिरवायची. मानेपासून शेपटीपर्यंत, मग पाठीवरून पोटाकडे, मग डोळे मिटून पुन्हा एकदा. जनावराला कुठे काटा लागला होता, कुठे गोचीड बसली होती, कुठलं कातडं ओढलं की ताणतं आणि कुठलं ताणून परत येत नाही, हे सगळं तिच्या तळव्याला कळायचं. चार-पाच मिनिटं सहज जायची. शेजारणी तोवर अर्धं कातडं कापून मोकळ्या व्हायच्या.

"ताई, कातडं कापतेस का त्याची दृष्ट काढतेस?" त्या म्हणायच्या.

"तुमचे मोजे वर्षभरात फाटतात. माझे घालणारा म्हातारा होतो," ती म्हणायची.

पहिला काप नेहमी अंगठ्याचा. पाठीच्या ऐन मधला, सगळ्यात चांगला तुकडा ती अंगठ्याला द्यायची. "चार बोटं एकमेकींना सांभाळून घेतात," ती म्हणायची. "अंगठा बिचारा एकटा असतो."

धाकट्याचं काम काय, हे तिला बरीच वर्षं कळलं नव्हतं. एका रविवारी भाजी निवडता निवडता तिने विचारलंच, "तू करतोस काय रे नेमकं? शेजारीपाजारी विचारतात आणि मी आपली कॉम्प्युटर, कॉम्प्युटर करते."

तो म्हणाला, "संगणकाच्या पोटात एक मुकादम असतो. त्याला कर्नल म्हणतात. कामं शंभर आणि हात चार. आधी कुणाची पाळी, कुणी थांबायचं, हे तो ठरवतो. समज, एखाद्या कामाला हाक गेली, की 'ऊठ, तुझी वेळ झाली.' ते काम उठून ओ देईपर्यंत मध्ये थोडा वेळ जातो. तो वेळ मी कमी करतो."

"किती वेळ असतो तो?"

"सेकंदाचे दहा लाख तुकडे कर. त्यातले चाळीस."

तिने सुरी खाली ठेवली. "आणि तुला जेवायला हाक मारली की अर्धा तास. तो कोण कमी करणार?"

भावजी वर्तमानपत्रामागून खुदकन हसले.

पण त्याचं काम चेष्टेचं नव्हतं. त्याच्या कंपनीची कापायची यंत्रं चालवणारा जो कर्नल होता, तो सुरुवातीला आठ-आठ मिलिसेकंद ओ द्यायचा नाही. तेवढ्यात धावत्या पट्ट्यावरची वस्तू पुढे निघून जायची आणि सुरी भलत्याच जागी पडायची. तीन वर्षं त्याने या उशिराचा माग काढला. काही कामं अशी होती, की एकदा बसली की संपल्याशिवाय जागा सोडायची नाहीत, मागे कितीही महत्त्वाचं काम ताटकळत असो. त्यांचे त्याने लहान लहान तुकडे केले, मध्ये मध्ये उठायला लावलं. कुठे असं व्हायचं, की मोठ्या कामाला लागणारी किल्ली एका फुटकळ कामाच्या कमरेला असायची आणि त्या फुटकळ कामाची पाळी काही येता येत नसे. तिथे त्याने नियम केला, की ज्याच्याकडे किल्ली, त्याला ती परत देईपर्यंत मोठ्याचा मान. असं करत करत आठ मिलिसेकंदांचा उशीर त्याने अडतीस मायक्रोसेकंदांवर आणला. मोजणारा प्रोग्राम चार दिवस सलग चालवला, तरी रेघ अडतीसच्या वर गेली नाही. पाणी सोडलेल्या वाफ्यासारखी सपाट रेघ. तिचा कागद त्याने छापून भिंतीवर लावला होता.

याच सुमारास ताईचं मनगट दुखायला लागलं. बावीस वर्षं जाड कात्री, दुसरं काय होणार? सकाळी कपाचा कान धरवत नसे. ते पाहून त्याच्या मनात आलं, की आपलं कापायचं यंत्र हिच्या कारखान्यात पहिलं लागावं. त्याने खटपट केली. कंपनीला पटवलं, कारखान्याच्या मालकांना पटवलं. यंत्र आलं त्या दिवशी तो स्वतः गेला आणि ताईला हात धरून पुढे घेऊन आला.

"हे बघ. पट्टा सतत फिरत असतो. तू फक्त कातडं शेजारच्या टेबलावर पसरायचं, साचे कुठे बसवायचे त्या खुणा करायच्या आणि कातडं पट्ट्यावर सारायचं. वर हा डोळा आहे. खूण डोळ्याखाली आली की सुरी पडते. मनगटाला काम नाही."

"आणि तळव्याला?"

"तो तुझा तुझ्यापाशी. तो काही मला करता येत नाही."

ती खूश झाली. पहिल्या दिवशी तिने कापलेला एक अंगठा त्याने खिशात घालून नेला.

यंत्रावर तिघी होत्या. ताई आणि तिच्याहून लहान दोघी, पाळीपाळीने. दोन महिने बरे गेले. मग शिवणाऱ्या बायका कुरकुरायला लागल्या. काही मोज्यांचे अंगठे बसत नव्हते. फरक पाऊण मिलिमीटरचा, पण मोज्यात पाऊण मिलिमीटर म्हणजे बुटात खडा. मालकांनी तुकड्यांच्या मागच्या खुणा पाहिल्या. कापणारी प्रत्येकजण आपली खूण करते. चुकलेले सगळे अंगठे ताईचे निघाले. बाकी दोघींचा एकही नाही.

त्या रविवारी ताईने विषय काढला.

"धाकट्या, ते यंत्र उठायला वेळ लावतं रे."

"म्हणजे?"

"भराभर कामं दिली की नीट कापतं. मी जरा कातडं चाचपत बसले ना, की त्याला डुलकी लागते. मग पहिला काप उशिरा पडतो. पुढचे सगळे ठीक."

तो हसला. वाईट मनाने हसला नाही, पण हसला. "ताई, यंत्राला डुलकी लागत नाही."

"मला लागलेली दिसते. सुरीचा आवाजच निराळा येतो. दचकून उठल्यासारखा."

"तीन वर्षं मी हेच काम केलंय. चार दिवस मोजलंय. अडतीसच्या वर नाही."

"मोजलं असशील बाबा," ती म्हणाली. "मी आपलं ऐकू आलं ते सांगितलं. मालक म्हणतात, महिनाअखेर ठरवू. टेबल जाईल माझं."

"जाणार नाही. मी येतो. तुझ्यासमोर मोजतो. दूध का दूध होऊन जाईल."

तो गेला. आपला मोजणारा प्रोग्राम त्याने यंत्रात घातला, चालू केला आणि पडदा मालकांकडे वळवला. ताईला म्हणाला, "नेहमीसारखं कर. घाई करू नकोस."

तिने तसंच केलं. कातडं पसरलं. तळवा फिरवला. डोळे मिटले. मालक घड्याळाकडे बघत राहिले. पाच मिनिटांनी तिने खुणा केल्या आणि कातडं पट्ट्यावर सारलं. सुरी पडली. अंगठा साच्यावर ठेवून पाहिला. केसाचाही फरक नाही. दुसरं कातडं, तिसरं, असं संध्याकाळपर्यंत अकरा कातडी झाली. अकराच्या अकरा अंगठे बरोबर. पडद्यावरची रेघ अडतीसच्या खाली निमूट पडून होती.

ताई गोंधळली. तिने सुरीकडे कान केला. "आज आवाज तसा येत नाहीये," ती पुटपुटली.

मालक माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "म्हणजे ताई, मनावर घेतलं की जमतं की!"

तिने भावाकडे पाहिलं. तो पडद्याकडे बघत होता.

अहवाल त्याने तिथेच बसून लिहिला. 'यंत्रात दोष आढळला नाही. पहिल्या कापातला फरक हाताळणीतला असावा.' आधी त्याने 'आहे' लिहिलं होतं. बहिणीकडे बघून ते खोडून 'असावा' केलं. एवढीच त्याची माया. खाली सही केली.

मालकांनी तिला आणखी एक महिना दिला. त्या महिन्यात ताईने काय केलं, ते त्याला पुढे कळलं. तिला रोग कळलेला होता, तिचं म्हणणं ऐकणारं कुणी नव्हतं, तेव्हा तिनेच पथ्य धरलं. यंत्राला डुलकी लागायच्या आत कातडं पट्ट्यावर सारायचं. पाच मिनिटांची तिने दोन केली, दोनाचं एक केलं, शेवटी अर्ध्या मिनिटावर आली. डोळे मिटणं सोडलं. तळवा एकदाच, तोही वरवर. अंगठे बरोबर बसायला लागले. पण आता तिच्या मोज्यांत काट्याचे व्रण यायला लागले. एका गिऱ्हाइकाचा मोजा नवा असतानाच तळव्यात फाटला.

"आता हेही?" मालक म्हणाले. आणि तिला पॅकिंगच्या टेबलावर बसवलं. मोज्यांची जोडी लावायची, मध्ये पातळ कागद घालायचा, बारा जोड्या खोक्यात भरायच्या.

भावाला तिने फोनवर सांगितलं, "बदली झाली. बसून काम आहे, बरं आहे." तो म्हणाला, "मनगटाला आराम." ती म्हणाली, "हो ना." यानंतर यंत्राचं नाव तिने कधी काढलं नाही. त्याने विचारलं तर, "मला त्यातलं काय कळतं?" असं म्हणायची. पूर्वी डाळ करपली तरी त्याला फोन करणारी बाई ती. आता गुडघा सुजला, हे त्याला भावजींकडून कळायचं, तेही आठ दिवसांनी.

चौदा महिने गेले.

ऑफिसात एक तारवाले काका होते. जुन्या वळणाचे. यंत्राच्या आतल्या प्रोग्रामवर त्यांचा भरवसा नसायचा. ते बाहेरून तारा लावायचे, एक डोळ्याला, एक सुरीच्या मोटरला, आणि आपल्या डबीवर दोन लाटांमधलं अंतर बघायचे. काटेकोरला ते गमतीने म्हणायचे, "चोराला विचारून चोरी मोजू नये रे." एका नव्या यंत्राची चाचणी चालली होती. जेवायच्या सुट्टीआधी काटेकोरने आकडे दुसरीकडे उतरवायला म्हणून आपला मोजणारा प्रोग्राम थांबवला आणि दोघं जेवायला गेले. परत आल्यावर काकांनी सहज कागदाची पट्टी सरकवली.

"अरे, हा उशिरा पडला."

"किती?"

"दोन मिलिसेकंदांना थोडं कमी."

"शक्य नाही. तार ढिली असेल."

"ढिली तार वेळ नाही चुकवत, लाटच खाऊन टाकते," काका म्हणाले. पट्टी पुन्हा सरकवली. बरोबर. पुन्हा. बरोबर.

काटेकोरने प्रोग्राम चालू केला. पाच मिनिटं थांबला. पट्टी सरकवली. बरोबर. प्रोग्राम बंद केला. पाच मिनिटं थांबला. पट्टी सरकवली.

उशिरा.

आणि यंत्राच्या घरघरीत त्याने तो आवाज पहिल्यांदा ऐकला. सुरी दचकून उठल्यासारखी.

तो खुर्चीवर बसला. काकांना वाटलं, याला घेरी आली. पाणी दिलं.

प्रोसेसर झोपतो, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. या धंद्यातल्या कुणालाही ते माहीत असतं. काम नसेल तेव्हा वीज वाचावी, तापू नये, म्हणून तो डुलकी घेतो. दोन मिनिटं कुणी काही केलं नाही, की पडदा मंद होतो, त्याच्यामागची बारीकसारीक कामं थांबतात, उठवणारं कुणी उरत नाही आणि मग डुलकीची गाढ झोप होते. गाढ झोपेतून उठायला वेळ लागतो. पण त्याचा मोजणारा प्रोग्राम सेकंदाला हजार वेळा विचारायचा, जागा आहेस का? जागा आहेस का? माणसाला झोप येते का हे बघायला रात्रंदिवस त्याचा खांदा हलवत राहावं आणि वर म्हणावं, याला झोप म्हणून येत नाही, तशातली गत. तीन वर्षं तो जागरणाची रेघ मोजत होता. जिथे तो मोजत नव्हता, तिथेच उशीर होता.

यंत्रावरच्या त्या दोघी तरुण मुली कधी दोन मिनिटं थांबतच नसत. थांबायची एकटी ताई. कातड्याला वेळ द्यायची म्हणून चुकली. आणि तिच्यासमोर मोजायला गेला त्या दिवशी यंत्राला जागं ठेवलं होतं ते यानेच.

दुरुस्ती किती, तर एक ओळ. सुरीचं काम चालू आहे तोवर गाढ झोपायचं नाही, एवढंच कर्नलला सांगायचं. ती लिहायला त्याला चार मिनिटं लागली. ताई कातडं बघायला घ्यायची तेवढीच.

दुसऱ्या दिवशी तो बसने निघाला. कारखान्यात गेल्यावर आधी मालकांकडे गेला आणि नवा अहवाल त्यांच्या हातात दिला. 'यंत्रात दोष होता. माझ्या लक्षात आला नाही. कापणारीची चूक नव्हती.' यात 'असावा' कुठे नव्हतं.

मालकांनी चष्मा वर केला. "अहो, पण त्या दिवशी तर तुमच्यासमोर सगळं बरोबर आलं होतं."

"माझ्यासमोर होतं, म्हणूनच आलं."

मग तो पॅकिंगच्या टेबलाशी गेला. ताई कागद घालत होती. डावा मोजा, कागद, उजवा मोजा.

"ताई, तुझं बरोबर होतं. त्याला डुलकी लागत होती."

"हं," ती म्हणाली. हात थांबले नाहीत.

"तू भांडली का नाहीस माझ्याशी?"

"काय घेऊन भांडू? तुझ्याकडे कागद होता. माझ्याकडे कान." तिने खोक्याचं झाकण लावलं. "आणि खरं सांगू? त्या दिवशी अकरा अंगठे बरोबर आले ना, तेव्हा मलाही वाटलं, चुकत असेन मीच. बावीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं."

तो तिथल्या रिकाम्या खोक्यावर बसला.

मालक तोवर मागे येऊन उभे राहिले होते. "ताई, आमचं चुकलं. टेबल तुमचं आहे. आजपासून बसा."

ती उठली. हात पुसले. यंत्रापाशी गेली. तिथल्या मुलीने जागा दिली आणि एक चांगलं पाठीचं कातडं निवडून तिच्यासमोर पसरलं. शिवणाऱ्या बायकाही मान वर करून बघायला लागल्या.

भावाने यंत्रात ती एक ओळ घातली. मोजणारा प्रोग्राम चालू केला नाही. पडद्याकडे पाठ करून तो ताईशेजारी उभा राहिला, पहिल्यापासून उभं राहायला हवं होतं तिथे. म्हणाला, "सावकाश कर. आता ते झोपणार नाही. हवा तेवढा वेळ घे."

"हो," ती म्हणाली.

तिने तळवा कातड्यावर ठेवला. आणि तळवा पळाला. मानेवरून शेपटीकडे, पाठीवरून पोटाकडे, एका दमात. तिच्या डोळ्यांनी जागा शोधली, बोटांनी खूण केली, कातडं पट्ट्यावर गेलंसुद्धा. अर्धं मिनिट. सुरी पडली. अंगठा बरोबर आला.

पण पोटाकडच्या अंगाला काट्याचा एक जुना व्रण होता. त्याला, ज्याला कातड्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यालाही तो दिसला. ताईचा तळवा त्याच्यावरून गेला होता.

"पुन्हा कर ना," तो म्हणाला. "डोळे मीट."

तिने दुसरं कातडं घेतलं. डोळे मिटले. क्षणभर हात थांबला. मग पापण्या लवल्या, मान पट्ट्याकडे वळली आणि हात पुन्हा धावत सुटला. तिलाही ते कळलं. तिने हात वर उचलून आपल्याच तळव्याकडे पाहिलं, दुसऱ्या कुणाचा असावा तसं.

"थांबत नाही रे," ती म्हणाली. "त्या महिन्यात फार पळवला त्याला. आता मागे कुणी नाही, तरी पळतो."

"सवयीने थांबेल. चार दिवस बस."

ती चार दिवस बसली. तोही थांबला. रोज सकाळी तिच्यासमोर यंत्र चालू करायचा आणि शेजारी हात बांधून उभा राहायचा. यंत्र एकदाही झोपलं नाही. चौथ्या दिवशी दुपारी तिने कातडं अर्ध्यात गुंडाळलं आणि त्या तरुण मुलीकडे दिलं.

"धाकट्या, पॅकिंगच बरं," ती म्हणाली. "तिथे माझी घाई कुणाला नडत नाही."

संध्याकाळी ती त्याला बसथांब्यापर्यंत सोडायला आली. दोघं बाकावर बसले. पूर्वी अशा वेळी ती शंभर गोष्टी सांगायची.

"गुडघा कसा आहे?" त्याने विचारलं.

"ठीक आहे," ती म्हणाली.

तो वाट बघत राहिला. बस यायला अजून अर्धा तास होता.